फिरतीवरची सोबत

सरकारी नोकरीत ‘फिरती’ हा शब्द फार जुना आहे. तहसीलदार, जंगलखात्याचे अधिकारी, शाळातपासनीस, पाटबंधाऱ्यांचे इंजिनियर, या सर्वांच्या वर्षाचा मोठा भाग फिरतीत जाई. पावसाळा सरला की तंबू, कंदील, दप्तरे आणि शिधा गाड्यांवर चढे, आणि पुष्कळदा त्याच गाडीत साहेबांचे कुटुंबही बसे. दिवसा साहेब कचेरी भरवीत. बाईसाहेब जवळचे देऊळ, नदीचा घाट किंवा एखादा पडका किल्ला पाहून येत. संध्याकाळी दोघांची गाठ पडे तेव्हा एकाजवळ तक्रारअर्जांची हकीकत असे आणि दुसरीजवळ पाहिलेल्या स्थळांची. भत्त्याच्या बिलात पत्नीसाठी मात्र रकाना नसे, आणि अजूनही नाही. ती सोबत आली होती, एवढेच तिच्याविषयी म्हटले जाई. आणि ‘सोबत’ या शब्दात नेमके काय काय येते, याची चौकशी सहसा कोणी करीत नसे.

ही चौकशी करावयाची झाली तर तिला आदिलाबाद जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही. मराठी माणसाला हा जिल्हा परका नाही. किनवट आणि राजुरा हे मुलूख 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत याच जिल्ह्यात मोडत होते. पैनगंगेच्या अलीकडे आत्राम, मडावी, मेश्राम ही जी आडनावे कानावर येतात, तीच पलीकडेही येतात. गोंडांच्या वंशकथा आणि देवकथा गाणारे जे परधान, त्यांच्यापैकी बहुतेकांची घरातील बोली मराठी. यजमानांपुढे कथा गोंडीत गावयाची आणि घरी आल्यावर मुलांशी मराठीत बोलावयाचे, असा त्यांचा परिपाठ. 2016 मध्ये या जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. त्यामुळे येथे ज्या गावाची हकीकत सांगावयाची आहे ते मारलवाई आता कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात, जैनूर मंडलात आहे. परंतु सर्व लेखनात ते आदिलाबादचे गाव म्हणूनच आले आहे.

क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांचा जन्म 1909 मध्ये व्हिएन्ना येथे झाला. मानववंशशास्त्र हा त्यांचा विषय. 1936 आणि 1937 मध्ये ते आसामच्या सरहद्दीवरील कोन्याक नागांमध्ये राहून आले, ते एकटेच. 1938 मध्ये त्यांनी लंडनच्या एलिझाबेथ बर्नार्डो यांच्याशी विवाह केला. एलिझाबेथ यांना सर्वजण बेटी म्हणत. आपल्या कानाला ‘बेटी’ म्हणजे लेक. पण हिंदुस्थानच्या रानात ही बाई आली ती लेक म्हणून नव्हे, कोणाची तरी बायको म्हणून. 1939 मध्ये दोघे हिंदुस्थानास निघाली. पतीला अभ्यास करावयाचा होता, पत्नी बरोबर होती. नव्या संसारातील पहिला लांबचा प्रवास म्हणता येईल असाच तो बेत होता.

त्याच वर्षी महायुद्ध पेटले. ऑस्ट्रिया 1938 मध्येच जर्मनीने गिळंकृत केला होता, त्यामुळे हायमेनडॉर्फ यांच्याजवळ पारपत्र होते ते जर्मन. ब्रिटिशांच्या राज्यात ते एका दिवसात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्या काळच्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे परदेशी पुरुषाशी विवाह करून त्याचे नागरिकत्व मिळालेली स्त्री आपले जन्माचे ब्रिटिश नागरिकत्व गमावून बसे. नवऱ्याचा देश तो तिचा देश, आणि नवऱ्याचा शत्रू तो तिचा शत्रू, मग तो शत्रू तिचे माहेर का असेना! लग्नाच्या वेळी कोणती वधू युद्धाचा हिशेब मांडते? पण या कायद्यामुळे सोबतीची किंमत सहलीच्या खर्चापुरती राहिली नाही, एवढे खरे.

दोघांना छावणीत कोंडले गेले नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहून संशोधन करण्याची मोकळीक मिळाली. हद्द ओलांडावयाची नाही, ही अट. कल्पना अशी करावी की कामाच्या निमित्ताने थोड्या दिवसांसाठी घेतलेली फिरती अचानक बंदिवासात बदलली, आणि तो बंदिवास मात्र डोंगर, रान आणि नदीकाठ यांचा होता. 1940 मध्ये ती दोघे कृष्णेच्या उत्तरेकडील अमराबादच्या पठारावर चेंचू लोकांत राहिली. त्यानंतर गोदावरीच्या खोऱ्यातील डोंगरांत कोंडा रेड्डी लोकांत गेली. आणि 1941 पासून त्यांचा मुक्काम आदिलाबादेत पडला.

हैदराबादेहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रस्त्याचे वर्णन थोडे विस्ताराने करावयास हवे, कारण या वाटेवर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. सोन गावापाशी गोदावरी ओलांडली की निर्मळ येते. निर्मळची लाकडी खेळणी ठाऊक नाहीत असे मराठी घर जुन्या मराठवाड्यात विरळाच. पोणिकी नावाच्या हलक्या लाकडाचे तुकडे कोरावयाचे, चिंचोक्याच्या खळीने सांधे बुजवावयाचे आणि वर रंग चढवावयाचा, अशी तेथल्या नक्काश कारागिरांची रीत. केळे, वांगे, सीताफळ इतके हुबेहूब करतात की मुले दात लावून पाहतात! निर्मळ सोडले की महबूब घाट लागतो आणि सागवानाचे रान सुरू होते. नेरेडीगोंड्याजवळ आडवाटेने गेले की कडेम नदीचा कुंतला धबधबा दिसतो. नदी खडकांच्या पायऱ्यांवरून सुमारे दीडशे फूट खाली येते. दुष्यंत आणि शकुंतला यांची भेट येथेच झाली आणि शकुंतलेवरूनच हे नाव पडले, असे तेथील लोक मानतात. आपल्या देशात कण्वमुनींचे आश्रम पुष्कळ आहेत, तेव्हा या दाव्याची फार छाननी करू नये, पाणी पाहावे. भाद्रपद-आश्विनात ते पाहणाऱ्याला कथेची गरज उरत नाही. पुढे इचोडा आणि गुडीहतनूर. तेथून उजवीकडे वळले की इंद्रवेली, उटनूर, जैनूर. मारलवाई त्याच्याही आत आहे. 1941 मध्ये पक्की सडक तिथपर्यंत पोहोचली नव्हती.

त्या रानात जाणाऱ्याने एक गोष्ट विसरून चालले नसते. 1940 मध्ये, म्हणजे हे दांपत्य पोहोचण्याच्या अगदी थोडे आधी, जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम आणि त्याचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले होते. भांडण जमिनीचे होते. जंगलाच्या राखीव हद्दी आखल्या गेल्या, त्यांच्या आतली गोंडांची गावे बेकायदा ठरली, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेते बाहेरच्या पैसेवाल्यांच्या नावे चढली. गोंडांजवळ कागद नव्हता आणि तो वाचणाराही नव्हता. त्या रक्तपातानंतर सरकारला प्रश्न पडला की हे लोक कोण आहेत आणि इतके का संतापले आहेत. ज्याला हद्दीबाहेर जाता येत नाही आणि ज्याला हाच अभ्यास करावयाचा आहे, असा एक विद्वान सरकारच्या हाताशी होता. त्याला हे काम सोपविले गेले.

मारलवाईत लच्छू पटेल हा गावचा मुखिया होता. गावात या दोघांसाठी गोंडांच्या पद्धतीची कुडाची, गवताने शाकारलेली झोपडी उभी राहिली. आता अशी कल्पना करावी की एखादा गोरा पुरुष एकटाच, वही-पेन्सिल घेऊन, पोलिसांच्या गोळीबारातून नुकत्याच सावरणाऱ्या खेड्यात येऊन राहतो. लोक त्याला काय समजतील? महसूलखात्याचा, जंगलखात्याचा, नाही तर पोलिसांचा माणूस. तोच पुरुष बायकोसह आला, चूल मांडून राहिला, की त्याची जात बदलते. तो संसारी ठरतो. गोंडांच्या समाजात तर माणसाची ओळखच सोयरिकीवरून होते. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे आणि सात देवांचे असे त्यांचे मोठे गट. आपल्या गटातली सारी भावंडे, आणि मुलगी द्यावयाची-करावयाची ती दुसऱ्या गटात. ज्याला बायको नाही, सासुरवाडी नाही, त्याला या हिशेबात बसवावयाचे कोठे? शिवाय अर्धे गाव बायकांचे असते, आणि त्या अर्ध्या गावाच्या माजघरात परपुरुषाला शिरकाव नसतो. बेटीबाईंच्या सोबतीचे महत्त्व समजण्यास एवढ्या दोन गोष्टी पुरेशा आहेत.

या प्रदेशातले गोंडांचे सोहळे पाहण्यास आता पुष्कळ लोक जातात, आणि जावे. दिवाळीच्या सुमारास दंडारीची पथके गावोगाव हिंडतात. गुसाडी नर्तकांच्या डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगावर राख, खांद्यावर कातडे. यजमान गावाने त्यांची रात्रीची सोय करावयाची, आणि या ये-जा करण्यातून पुष्कळदा दोन गावांच्या सोयरिकीची बोलणीही निघतात. मारलवाईचेच कनकराजू हे गुसाडी नर्तक 2021 मध्ये पद्मश्रीचे मानकरी झाले. 2024 मध्ये ते वारले. पौष अमावास्येला केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळातले लोक त्यासाठी गोदावरीचे पाणी पायी चालत जाऊन आणतात. या जत्रेतला ‘भेटिंग’ नावाचा विधी विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मेश्रामांच्या घरात नव्याने आलेल्या सुनांना पांढरी वस्त्रे नेसवून, डोक्यावरून पदर घेऊन, नागोबासमोर नेतात आणि देवाशी त्यांची भेट घडवितात. ती भेट झाल्यावाचून सून त्या कुळाच्या पूजेत बसू शकत नाही. नवऱ्यामागून आलेल्या स्त्रीची स्वतंत्र ओळख करून द्यावयाची असते, हे त्या समाजाने विधीतच बसवून टाकले आहे. ग्रंथांच्या मुखपृष्ठावर ही तजवीज इतकी सहज होत नाही.

मुखपृष्ठाचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करावा. 1948 मध्ये आदिलाबादच्या राजगोंडांवरचा मोठा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. त्यावर लेखक म्हणून क्रिस्टोफ यांचे नाव आहे, आणि त्याखाली ‘एलिझाबेथ यांच्या सहकार्याने’ अशी ओळ आहे. 1979 मध्ये आंध्रप्रदेशातील गोंडांवरचा ग्रंथ निघाला. मध्ये एकतीस वर्षे गेली, परंतु ती ओळ तशीच राहिली. ‘सहकार्याने’ हा शब्द कृतज्ञतेचा आहे यात शंका नाही, आणि पुष्कळ पतींनी तेवढाही छापला नाही, हेही कबूल करावे लागेल. पण या शब्दातून काहीच मोजता येत नाही. मुलाखती कोणी घेतल्या, कोणती टाचणे कोणाची, कोणत्या घरात कोणामुळे प्रवेश मिळाला, हे त्या एका शब्दामागे झाकून जाते.

बेटीबाईंच्या स्वतःच्या नावावर जे काम आहे, ते मात्र त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकणारे आहे. दक्षिण आशियातील मानववंशशास्त्रीय लेखनाची सूची त्यांनी तयार केली. तिचे खंड 1958, 1964 आणि 1970 मध्ये निघाले. पुस्तके आणि लेख यांच्या जोडीला कोणता संशोधक कोणत्या प्रदेशात जाऊन काम करून आला, याचीही नोंद त्यांनी त्यात दिली. ज्या बाईच्या फिरतीची नोंद कोणत्याही बिलात नव्हती, तिने इतरांच्या फिरतीची वही ठेवली. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत. परंतु ते काम ज्याने एकदा हाताळले आहे, त्याला त्यामागचे कष्ट सांगावे लागत नाहीत.

हैदराबादेतील त्यांच्या कामाला अभ्यासापलीकडची फळे आली, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगितले पाहिजे. 1943 मध्ये मारलवाईत गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. मुलांना शिकवावयाचे ते गोंडीतून, आणि लिहावयाचे ते देवनागरीत, असे ठरले. सुरुवातीला शिकविण्यासाठी जी थोडी गोंड तरुण मंडळी हाताशी होती, त्यांच्यापैकी काहींना मराठीची थोडीफार अक्षरओळख होती. त्या बाराखडीवर गोंडीची पहिली क्रमिक पुस्तके उभी राहिली. निजामाच्या राज्यात, उर्दूच्या अमलात, तेलुगू मुलखात, एका ऑस्ट्रियन माणसाच्या पुढाकाराने गोंडी भाषा देवनागरीत शिकविली जावी, हा योग विलक्षणच. सेतुमाधवराव पगडी यांनाही याच जिल्ह्यातील सरकारी नोकरीने गोंडी भाषेकडे नेले. आज आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी पुस्तक लिहिले आणि गोंडीचे व्याकरणही रचले. तीही फिरतीचीच कमाई म्हणावयाची.

शाळेपेक्षाही निकडीचा प्रश्न जमिनीचा होता. हायमेनडॉर्फ यांचे चार अहवाल 1945 मध्ये सरकारने छापले. ‘लावणी खास’ नियमांखाली गोंड, कोलाम आणि इतर आदिवासींना पट्टे देण्याची मोहीम सुरू झाली. सरकारचे आदिवासींविषयक सल्लागार म्हणून हायमेनडॉर्फ यांची नेमणूक 1945 मध्येच झाली. त्याआधीच्या दोन वर्षांत, 1944 आणि 1945 मध्ये, दोघे ईशान्य सरहद्दीवर सुबनसिरीच्या खोऱ्यात अपातानी लोकांत जाऊन आली होती. ज्यांना काल हैदराबादची हद्द ओलांडण्याची मुभा नव्हती, त्यांनाच आज सरकारने सरहद्दीवर कामगिरीला पाठविले! युद्धातली शासनव्यवस्था अशीच चालते. 1949 नंतर दोघांचे वास्तव्य मुख्यतः लंडनला होते. तेथील प्राच्यविद्येच्या संस्थेत मानववंशशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला. पुढे नेपाळातील शेर्पांचा अभ्यास झाला आणि तेथल्या प्रवासांतही बेटीबाई बरोबर होत्या.

पण आदिलाबाद सुटले नाही. 1970 नंतरच्या दशकात दोघे वारंवार तिकडे गेली, आणि जे दिसले ते सुखाचे नव्हते. ज्या जमिनींचे पट्टे मिळवून देण्यात कित्येक वर्षे घातली होती, त्यांपैकी पुष्कळ जमिनी पुन्हा बाहेरच्यांच्या हातात गेल्या होत्या. सडका झाल्या, मोटारी आल्या, त्यांच्यामागून सावकार, व्यापारी आणि नवे वसाहतवाले आले. त्यांत किनाऱ्याकडचे शेतकरी होते, तसे आपल्या महाराष्ट्रातून गेलेलेही होते. हे सांगताना संकोच वाटला तरी ते लपवू नये. ज्या रस्त्याने आज आपण कुंतलाचे पाणी पाहण्यास सुखाने जातो, त्याच रस्त्याने त्या जमिनी गेल्या. 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेली येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांचा गोळीबार झाला. सरकारी आकडा तेरा मृतांचा होता; तो फार थोडा आहे असे तेथील लोक तेव्हाही म्हणत आणि आजही म्हणतात. पुढच्याच वर्षी हायमेनडॉर्फ यांचा भारतातील आदिवासींच्या जगण्याच्या झगड्यावरचा ग्रंथ निघाला. त्यातले आदिलाबादविषयीचे लेखन वाचताना विद्वानाचा तटस्थपणा ठिकठिकाणी सुटलेला दिसतो, आणि तो सुटला हेच योग्य झाले.

प्रवासी म्हणून आलेले माणूस स्थळ पाहते आणि जाते. चाळीस वर्षांनी तेच स्थळ पुन्हा पाहावयास येणे, आणि तेथील माणसांच्या नावानिशी चौकशी करणे, याला स्थळदर्शन म्हणता येत नाही. 1941 मध्ये जी मुले झोपडीच्या दारात गर्दी करीत असत, ती आता नातवंडांची झाली होती. कोणाचे शेत गेले, कोणी फेडता न येणारे कर्ज काढले, कोणाचा मुलगा मास्तर झाला, याची हकीकत ऐकावयास नवरा-बायको दोघेही बसत असतील, तर त्यांतले कामावर कोण आले आहे आणि सोबतीला कोण, हे परक्याने कसे ओळखावे?

1987 च्या जानेवारीत दोघे हैदराबादेत असताना बेटीबाईंचे तेथेच निधन झाले. त्यांची समाधी मारलवाईत बांधण्यात आली. क्रिस्टोफ त्यांच्यामागे आठ वर्षे जगले. 1995 मध्ये लंडनला त्यांचा अंत झाला, आणि 2012 मध्ये त्यांच्या मुलाने त्यांच्या अस्थी मारलवाईला आणून बेटीबाईंच्या शेजारी ठेवल्या. या खेपेस आधी पत्नी पोहोचली होती आणि पती मागून आला.

दरवर्षी गोंड लोक त्या दोन समाध्यांपाशी जमतात. गावोगावचे मुखिये येतात, सरकारी अधिकारी येतात, ढोल-तुडुम वाजतात, समाध्यांवर फुले वाहिली जातात. दोघांच्याही स्मरणाचा हा एकच दिवस धरला जातो, 11 जानेवारी. ती तिथी बेटीबाईंची आहे.